मोटरीतून मायच्या माहेरी

आमच्या बाबांनी मायला हौसेनं कुठं नेलं, असं त्या एका दिवसाआधी कधी घडलं नव्हतं. तिला माहेरी जायचं तर मामानं बंडी पाठवायची, बंडीवाल्यानं आमच्या दारात बैल सोडून दोन भाकरी खायच्या, आणि मग पहाटे माय निघायची, हा आमच्या घरचा कायदा. बाबा दारापर्यंतसुद्धा पोचवायला यायचे नाहीत. दुकानात बसल्या बसल्या मान वर करून "लवकर ये" एवढंच म्हणायचे. म्हणून त्या संध्याकाळी ते दुकानातून आले, पाय न धुता थेट चुलीपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या अंजनगावले जाऊ. मोटरीनं. करीमले सांगतलं हाय मी," तेव्हा मायच्या हातातली भाकर परातीतच राहिली. "कोन जाऊन राह्यलं?" तिनं विचारलं. "तू, मी अन् पोरगी." "अन् दुकान?" "दुकानाले आग लागो," बाबा म्हणाले, आणि आंघोळीला निघून गेले. दुकानाबद्दल असा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "सूर्य कोनीकडून निंगाला वं आज?"

आम्ही अकोल्याला राहत होतो. आमचं दुकान पानांचं. आताच्यासारखी सुपारी-काताची टपरी नव्हे हो, ठोक पानांचं दुकान. अंजनगावच्या मळ्यांतून करंडे यायचे, ओल्या तरटात बांधलेले, आणि ते घरात उतरले की माय, मी आणि शेजारची एक म्हातारी आत्या, तिघी पानं निवडायला बसायचो. सडलेलं पान वेगळं, डाग पडलेलं वेगळं, उरलेली देठाला देठ लावून रचायची आणि वरून पाण्याचा हबका मारायचा. दिवसभर घरात तो पानांचा सपसप आवाज. आमच्या अंथरुणाला, कपड्यांना, अगदी वरणालासुद्धा ओल्या तरटाचा वास. शाळेत मुली नाक मुरडायच्या तेव्हा मी त्यांना म्हणायची, "तुमच्या घरी लग्न निंघालं की आमच्याच दारात येता नं पानाले?" तोंड माझं तेव्हापासूनच असं आहे, काय करता.

माझा थोरला भाऊ वामन याला मात्र पानांचं वेड लागलं नाही. त्याला मोटरीचं लागलं. अकोला-दर्यापूर रस्त्यावर करीमचाचांची भाड्याची मोटर चालायची, तिच्याखाली हा आडवा पडलेला असायचा. बाबा शिव्या घालायचे, माय त्याच्या सदऱ्यावरचे तेलाचे डाग रिठ्यानं घासत बसायची, आणि करीमचाचा म्हणायचे, "शेठ, लडके के हाथ में हुनर है, त्याले काहून अडवता?" पुढं लढाई लागली, सरकारला मोटर हाकणारी माणसं हवी होती, आणि वामनभाऊ बाबांना न सांगता नाव देऊन आला. जाताना मायला म्हणाला, "वापस आलो का सोताच्या मोटरीत बसवून तुले अंजनगावले नेतो. तिथून अचलपूर, तिथून चिखलदऱ्याच्या पहाडावर. दिवसभर हिंडवतो." मुंबईहून तो बोटीत बसला. त्यानंतर आठ-पंधरा दिवस गेले की माय म्हणायची, "पोरगं आलं का मी नागवेलीले निवद करतो." मग म्हणायला लागली, "पोरगं यावं म्हनून करतो." पण तो निवद दाखवायचा माहेरच्या मळ्यात, पानवेलीपुढं, आणि बंडीनं जायचं तर चार दिवस मोडायचे, आणि बाबांना विचारायची तिची छाती नव्हती.

गोष्ट रंगवून, लपवून सांगायची मला सवय नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकते. बाबांनी मोटरीचं सांगितलं त्याच दुपारी वामनभाऊ गेल्याची खबर त्यांना मिळाली होती. त्याच्यासोबतचा मूर्तिजापूरकडचा एक माणूस हात मोडून परत आला होता. वामनभाऊनं त्याला करीमचाचांचं ठिकाण सांगून ठेवलेलं, म्हणून तो आधी त्यांच्याकडे गेला, आणि दोघं मिळून दुकानात आले. बोटीवरच ताप भरला, तिथंच भाऊ गेला, आणि बोटीवरच्या रिवाजाप्रमाणं त्याचा देह समुद्रात सोडला, असं त्या माणसानं सांगितलं. हे मला आणि मायला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. खबर कशी आली आणि मोटर का ठरवली, ते बाबांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, मी दोन लेकरांची आई झाल्यावर. म्हणाले, "मनात आलं, तिच्या मानसांत नेऊन सांगू. अन् मंग आलं, त्याच्या आधी एक दिवस तिले देऊ. मंग जलमभर हायच." माझ्या बापाला मी आयुष्यभर कडक म्हटलं, कंजूस म्हटलं. पण हे ऐकल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पहाटे मायनं पुरणाची दिंडं केली. नागवेलीला तव्यावरचं चालत नाही, वाफेवरचंच लागतं, असं तिच्या माहेरी मानतात. भांड्यावरचं झाकण खदखदत होतं आणि माय चक्क गुणगुणत होती. रोज बाबा आंघोळ करून देवाला पाणी घालायचे, त्या दिवशी ते अंगणातूनच म्हणाले, "देवाचं आज तूच कर." निवदाची टोपली मोटरीत ठेवायची वेळ आली तेव्हाही मायनं ती त्यांच्यापुढं धरली, तर हात मागं घेऊन म्हणाले, "पोरीपाशी दे." माय म्हणाली, "आज तुह्या बाबाचं चित्त ठिकान्यावर नाई. दुकान बंद ठेवलं नं, जीव तुटून राह्यला असन." आम्ही दोघी हसलो. बाबाही हसल्यासारखं करून पुढं करीमचाचांशेजारी जाऊन बसले.

त्या दिवसांत पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, त्यामुळं करीमचाचांनी मोटरीच्या मागं कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. त्या धुरावर मोटर चालायची. चालायची म्हणजे काय, खोकत खोकत जायची, आणि चढ आला की थांबायची. मग चाचा उतरून सळईनं भट्टी ढवळायचे. एरवी तोंडाचा पट्टा सुरू असणारा हा माणूस त्या दिवशी गप्पगार. मायनं मागून विचारलंसुद्धा, "चाचा, घरी भांडून आले का?" "नहीं बाई, धुवां डोयात जाते," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मायला मात्र धूर, धूळ, हिसके, कशाचंच काही नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर कानामागं खोचला होता आणि लहान पोरीसारखी ती दोन्हीकडे पाहत होती. कापूस वेचायचे दिवस होते. काळ्या रानात पांढरा कापूस फुटलेला, ओळीनं बायका वेचत चाललेल्या, ओट्या फुगलेल्या. कापसाच्या बंड्या समोरून यायच्या, बैल मोटरीला बुजायचे, बंडीवाले शिव्या द्यायचे, आणि माय त्यांना हात जोडायची. "वामन असाच बसत असन नं, समोर, चाक धरून?" ती म्हणाली. "हो," बाबा म्हणाले. "त्याले भीती वाटत नसन?" "कायची भीती," बाबा म्हणाले, आणि मान बाहेर वळवून बसले.

पूर्णेवर पूल नव्हता, निदान आमच्या वाटेवर नव्हता. उतारावर पाणी गुडघ्याएवढं होतं. आम्ही उतरून चालत गेलो आणि मोटर चार माणसांनी ढकलून काढली. मायनं नदीला हळदकुंकू वाहिलं, एक पैसा सोडला, आणि मोठ्यानं म्हणाली, "बाई, तू मोठ्या पान्याले जाऊन भेटतेस म्हन्तात. माह्या लेकराले सांगजो, आम्ही निंगालो म्हना मोटरीनं." बाबा वरच्या अंगाला जाऊन तोंड धुवायला लागले. ते इतका वेळ तोंड धूत राहिले, की शेवटी करीमचाचा त्यांना हाताला धरून घेऊन आले.

दर्यापूरला एका निंबाखाली आम्ही जेवायला बसलो. भाकरी, मिरचीचा ठेचा, घट्ट पिठलं, कांदा. तो सगळा मुलूख खाऱ्या पाण्याचा. विहिरी भरलेल्या असतात, पण तोंडाला लावाव्या तर मचूळ. कोण्या काळी इथं समुद्र होता, असं जुनी माणसं सांगत. मायनं विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग थोडं थांबून तिनं बाबांना विचारलं, "अजी, समुद्राचं पानी याच्याऊन खारं असते का?" बाबांच्या हातात घास होता. "असते म्हन्तात," ते म्हणाले. "मंग पेत काय असन पोरगं?" "बोटीवर गोड पानी असते. पिपं भरून नेतात." "तुमाले कोनी सांगतलं?" "सांगतलं एकानं," असं म्हणून त्यांनी तो घास कुत्र्यापुढं टाकला आणि उठले. मायनं मला हळूच म्हटलं, "पाह्य, तुह्या बापालेई पोराची आठोन येते. दाखोत नाई मेला मानूस." आज ऐंशी पार केल्यावरही त्या रस्त्यानं बस निघाली की मी खिडकीबाहेर पाहत नाही. सोबतची नात म्हणते, आजी किती छान हिरवं आहे. असेल बाई.

दर्यापूर सोडलं की हळूहळू माती बदलते, विहिरींचं पाणी गोड होतं, आणि उत्तरेला मेळघाटचा पहाड निळा निळा दिसायला लागतो. अंजनगाव जवळ आलं तसे पानमळे सुरू झाले. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही, नुसते गवताचे आणि काटक्यांचे उंच कूड. माय उभीच राहायला पाहत होती. "तो पाह्य गुलाबरावचा. तो आमच्या काकाचा. आता श्रीपतचा येईन." श्रीपत म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. मोटरीचा आवाज ऐकून तो मळ्याच्या दारात येऊन उभाच होता, हातात वेली बांधायची ओली पाती, आणि तोंड उघडं. बहीण मोटरीतून उतरते आहे हे पाहून तो इतका मोठ्यानं हसला की शेजारच्या मळ्यातली माणसं बाहेर आली. "बाई! राजाची रानी झाली का तू?" माय म्हणाली, "रानी नाई, डायवरची माय झालो."

पानमळ्याचे नेम ज्याला ठाऊक नाहीत त्याला पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. आम्ही बारी लोक, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पानं पिकवणारे, पानवेलीला देवता मानतो. मळ्यात वहाणा चालत नाहीत, बाईला पाळीचे चार दिवस चालत नाहीत, आणि घरात कुणी मेलं असेल तर सुतक फिटेपर्यंत मळ्याचं दार ओलांडायचं नाही. ओलांडलं तर वेली जळतात. पण सुतक लागतं ते कानी पडल्यावर. माणूस दूरगावी मेला असेल, आणि तुम्हाला खबर नसेल, तर तुम्ही शुद्ध. एकदा ऐन खुडणीत मामाचा एक चुलता गेला, सांगायला माणूस येताना लांबूनच दिसला, तर मामानं कानांत बोटं घालून ओरडून सांगितलं होतं, "थांब बावा, बोलू नको! एवढा वाफा खुडून घेऊ दे!" यावरून गावभर त्याची टिंगल व्हायची, पण त्यानं चूक केली असं कुणी म्हटलं नाही.

बाबांनी सगळा विचार केला होता. मोटर, करीमचाचांचं तोंड बंद ठेवणं, संध्याकाळी मामाच्या घरी माणसं गोळा करून मग हळू सांगणं. पण आयुष्य पानांवर काढलेल्या या माणसाच्या डोक्यात एवढंच आलं नाही, की माय आधी घरी जाणार नाही, मळ्यात जाईल, आणि मामा त्यांनाही आत बोलावेल. माय वाकून आत गेली. तिच्या मागं टोपली घेऊन मी. आत हिरवा अंधार असतो, भर दुपारी. हादगा आणि शेवरीच्या झाडांवर वेली चढलेल्या, पायाखाली गार चिखल, पाटाचं पाणी झुळझुळतंय, आणि तो ओल्या पानांचा वास, आमच्या घरचाच, पण जिवंत. मायनं पहिल्या वेलीपुढं जागा सारवली, दिंडं मांडली. मामानं दाराकडे तोंड करून हाक दिली, "भाऊजी, या नं! उभे काहून?"

बाबांनी वहाणा काढल्या होत्या. अनवाणी ते दारापर्यंत आले होते आणि तिथंच थांबले होते. "तुमी करा," ते म्हणाले. "मी इथंच बरा." मामा हसला, "आता! अकोल्याच्या शेठले चिखलाची लाज वाटते का? या, या." बाबा हलले नाहीत. दुसरा कुणी असता तर खाली मान घालून आत आला असता, कोण विचारणार होतं? बोटीवरची गोष्ट बोटीवर. पण बाबांचा पाय उचलेना. त्यांनी कुडाचा बांबू धरला होता आणि ते खाली दाराच्या रेघेकडे पाहत होते. तेवढ्यात मायनं वळून पाहिलं. आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मामाचं हसणं अर्ध्यात तुटलं. त्यालाही काहीतरी उमगलं असणार, कारण तो दोन पावलं दाराकडे गेला आणि म्हणाला, "भाऊजी, कोन—"

"श्रीपत, चूप!" माय ओरडली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काई विचारू नको. कोनीच काई बोलू नका."

मग ती परत वेलीकडे वळली. तिनं कुंकू लावलं, दूध शिंपडलं, हात जोडले, आणि बाहेर उभ्या असलेल्या बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "माय माह्ये, माह्या वामनले सुखरूप वापस आन." मला वाटलं आता ती उठेल. ती उठली, पण दाराकडे आली नाही. ती वेलींच्या ओळीतून आत आत चालत गेली, एकेका वेलीला हात लावत, आणि पार टोकाला, जिथून दार दिसत नाही, तिथं पाटाच्या कडेला बसली. मी मागं गेले. "माय, घरी नाई जायचं?" "मी एवढ्यात नाई येत," ती म्हणाली. "बाबाले सांग, मले आवाज देऊ नका म्हना."

मी बाबांना सांगितलं. ते कुडाला टेकून खाली बसले होते, धोतराचा सोगा तोंडात धरलेला. त्यांनी मान हलवली. मामी घरून चहा घेऊन आली, मायनं घेतला नाही. मामा बाहेर येऊन करीमचाचांपाशी गेला, त्यांचं तोंड पाहिलं, आणि काही न विचारताच परत आला. मी आत-बाहेर करत राहिले. मला भीती वाटत होती, पण कशाची ते मला सांगता आलं नसतं. माय रडत नव्हती. तिनं मला मांडीवर घेतलं, एवढी मोठी मी, आणि वामनभाऊच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लागली. तो बोलायला कसा उशिरा लागला, बिब्बा चावून त्याचं तोंड कसं सुजलं, पोळ्याच्या दिवशी तो हरवला आणि करंड्यात झोपलेला सापडला. "असा हाय तो," ती म्हणायची. होता, असं एकदाही म्हणाली नाही. आता समजतं मला, तिनं त्या हिरव्या कुडाच्या आत आपलं पोरगं एक दुपारभर जिवंत ठेवलं होतं. माझा जीव तुटतो ते आठवलं की. तिला मिठी मारून मीही तिथंच बसून राहायला हवं होतं असं वाटतं, कायमचं.

पण दिवे लागल्यावर मळ्यात कुणी थांबत नाही. वेली झोपतात म्हणतात, त्यांना उठवू नये. पाटाचं पाणी काळं दिसायला लागलं, दुसऱ्या मळ्यांतली माणसं हाका मारत घरी निघाली, आणि मामा दारात येऊन नुसता उभा राहिला. मायनं पदर सावरला, माझा हात धरला, वेलींना नमस्कार केला, आणि वाकून बाहेर आली. बाबा उठून उभे राहिले. चांगली चार पावलं ती मळ्यापासून लांब चालत गेली, रस्त्याच्या कडेपर्यंत, आणि मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आता सांगा."

"वामन," एवढंच बाबा म्हणाले. मग म्हणाले, "आपला वामन गेला वं."

मायनं ऐकलं. ती बाबांशी बोलली नाही, माझ्याशी बोलली नाही. ती मामाकडे वळली. "श्रीपत," ती म्हणाली, "आयकलं नं तू? मले आत्ता समजलं. मी आत होतो तवा मले कोनी सांगतलं नव्हतं. तुह्या मळ्याले काई होनार नाई."

मामा रडत होता. "हो बाई," तो म्हणाला, "तुले आत्ताच समजलं."

तेव्हा कुठं मायनं हंबरडा फोडला.